उद्याचं मैदान कोण मारणार?

मैदानाच्या आदल्या संध्याकाळी निपाणी-चिकोडी पट्ट्यात सगळं बोलणं एकाच प्रश्नाभोवती घुटमळतं: उद्या कोण मारणार? विजेच्या खांबावर पत्रक चिकटवलेलं असतं, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात. कुठे यात्रा असते, कुठे उरूस. जनरल बैलगाडी, जनरल घोडागाडी, एक घोडा एक बैल, आदत, दुसा, चौसा असे गट आणि त्यांच्यासमोर रोख बक्षीस नि मानाचं निशाण. त्या चार-सहा ओळींवर टपरीवर तासभर वाद चालतो. अमक्याचा घोडा परवा पहाटे रस्त्याला पळताना कसा दिसला, तमक्याच्या जोडीतला डावा घोडा गेल्या मैदानापासून पाय जपून का टाकतोय, कुणी गाडीवान बदलला. लांबून पाहणाऱ्याला या रिकामटेकड्या गप्पा वाटतील. पण त्या वादात वयाचा अंदाज असतो, हाडांची पारख असते, श्वासाचा हिशेब असतो. त्यामागचं प्राणिशास्त्र समजत गेलं तसा मी थक्क होत गेलो.

पत्रकावरच्या गटांपासूनच बघा. आदत म्हणजे दुधाच्या दातांचं जनावर, दुसा म्हणजे दोन कायमचे दात आलेलं, चौसा म्हणजे चार आलेलं. जन्मदाखला नसलेल्या जनावराचं वय ठरवायची ही पद्धत इतकी पक्की आहे की तिच्यावर अख्ख्या शर्यतीचे गट उभे राहतात. घोड्याच्या पुढच्या दातांतली मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाच वर्षांचा झाला की वरचे सहा आणि खालचे सहा असं पुढचं तोंड भरतं. बैलाचं वेगळं. त्याला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात, आठ. वरती नुसती टणक हिरडी. तो साधारण दोन वर्षांचा झाला की दुसा होतो. म्हणजे पत्रकावर 'दुसा' हा शब्द एकच असला तरी खोंड आणि शिंगरू यांच्या वयात सहा महिन्यांचं अंतर असू शकतं.

जाणता माणूस घोड्याचं तोंड उघडतो ते पाहण्यासारखं असतं. तो समोर उभा राहत नाही, खांद्याच्या बाजूने येतो. एक हात नाकाडावर, दुसऱ्या हाताची बोटं ओठाच्या कोपऱ्यातून आत. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी हिरडी असते, लगामाची कडी जिथे बसते तीच जागा. तिथे बोट टेकलं की घोडा आपणहून तोंड उघडतो आणि चावायची भीती राहत नाही. मग जीभ अलगद बाजूला धरून तो दातांचा माथा बघतो. नव्या दाताच्या माथ्यावर खोलगट काळी खळी असते. चावून चावून ती झिजते: खालच्या मधल्या जोडीची सहाव्या वर्षाच्या सुमारास, शेजारच्या जोडीची सातव्या, कडेची आठव्या. त्यापुढे दाताचा आकार बघायचा. लांबट गोल माथा हळूहळू गोल आणि मग तिकोनी होत जातो, बाजूने पाहिलं तर दात पुढे कलत जातात. घोड्यांच्या बाजारात म्हातारा घोडा तरुण म्हणून खपवायला दातात खळी कोरून ती काळी करणारे लोक जगभर होऊन गेले. पण दाताचा आकार आणि कल काही कोरून बदलत नाही. पारखी तिथेच पकडतो.

दात एवढे महत्त्वाचे का, याचं उत्तर पायात आहे. पुढच्या गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालू असते. तोवर हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चेचा थर असतो आणि तो भरून यायच्या आधी जोराने पळवलेलं शिंगरू पुढे कायमचं अधू होऊ शकतं. दातांवरून गट पाडणाऱ्यांनी गुडघ्याचे एक्स-रे पाहिले नव्हते. तरी दुसा होण्याचं वय आणि गुडघा भरण्याचं वय जवळजवळ एकच निघावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता घोडा पळतो कसा ते बघू, कारण अंदाज बांधायचा तो याच यंत्रणेवर.

घोडा प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर उभा असतो. खूर म्हणजे त्याच्या मधल्या बोटाचं नख. आपण ज्याला पुढचा गुडघा म्हणतो ते शरीरशास्त्राच्या हिशेबाने मनगट, आणि त्याच्या खाली मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. आहेत त्या लांब कंडरा. खूर जमिनीवर आदळला की या कंडरा ताणल्या जातात आणि उचलताना ती ताकद परत देतात. वजन सगळं वरती, खांद्यात आणि पुठ्ठ्यात. खालचा पाय हलका. म्हणूनच चारशे-साडेचारशे किलोचं धूड ताशी साठ किलोमीटरने जाऊ शकतं. अमेरिकेत २००८ साली 'विनिंग ब्रू' नावाच्या घोडीने दोन फर्लांगांवर ताशी सत्तर किलोमीटरच्या वर सरासरी वेग नोंदवला, तो जागतिक विक्रम आहे.

पण त्याहून नवल श्वासाचं आहे. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, सगळा नाकावाटे. आणि चौखूर धावताना त्याचा श्वास पावलांना बांधलेला असतो: एका ढांगेला एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर आले की आतडी आणि यकृत पुढे सरकतात, हवा बाहेर पडते. अंग पुढे झेपावलं की हवा आत. मिनिटाला एकशेतीस-दीडशे श्वास आणि प्रत्येक श्वासात दहा-बारा लिटर हवा. ढांग टाकायची तर श्वास घ्यावाच लागतो, श्वास घ्यायचा तर ढांग टाकावीच लागते. घोडेवाले घोड्याच्या नाकपुड्या बघतात आणि जबड्याच्या दोन हाडांमध्ये मूठ बसते का हे चाचपतात, ते याचसाठी. तिथून वाऱ्याची वाट जाते.

हृदय विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं आणि शर्यतीत दोनशेवीसच्या पुढे जातं. पण माझ्या मते सगळ्यात अचाट गोष्ट प्लीहेची. घोड्याची प्लीहा म्हणजे तांबड्या पेशींचं कोठार. विश्रांतीत रक्तातला पेशींचा वाटा पस्तीस-चाळीस टक्के असतो. घोडा घाबरला, उसळला, पळायला लागला की प्लीहा आकुंचन पावते, साठवलेल्या पेशी रक्तात ओतते आणि तो वाटा साठ टक्क्यांच्या पुढे जातो. रक्तातल्या पेशी बाहेरून वाढवून घेतल्या म्हणून सायकलपटूंवर बंदी येते. घोडा हेच काम स्वतःच्या शरीरात, काही क्षणांत, कुणाच्या मदतीशिवाय करतो.

यातून अंदाज बांधणाऱ्याला एक धडा मिळतो. सुटायच्या आधीच जो घोडा उड्या मारतोय, डोळे वटारतोय, मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आणतोय, त्याचं कोठार आधीच उघडलेलं असतं. तो फेस येतो 'लॅथरिन' नावाच्या प्रथिनामुळे. घोड्याच्या दाट केसांवर घाम पसरावा, लवकर वाळावा म्हणून घामात हे साबणासारखं द्रव्य असतं. मानेवर थोडा ओलावा चालतो. पण शर्यत सुरू व्हायच्या आधी मांड्यांत फेस दिसला की जाणकार मान हलवतात. "येडं झालंय, आत्ताच दम खर्चला," असं कुणीतरी म्हणतं, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने त्या वाक्यात तथ्य असतं.

चाल बघायची तर मागून आणि बाजूने. पुढच्या खुराने मातीत ठसा उमटवला, तर मागचा खूर त्याच्या किती पुढे पडतो? चांगल्या घोड्याचा मागचा पाय पुढच्याचा ठसा ओलांडून जातो. ओलांडण्याचं हे अंतर गेल्या वेळेपेक्षा कमी झालं असेल, तर पाठीत नाहीतर पुठ्ठ्यात काहीतरी दुखतंय. एकाच पायावर डोकं खाली-वर होत असेल तर लंगड आहे: दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. नालबंदाच्या दुकानापाशी घोडेवाल्यांची गर्दी असते ती केवळ नाल ठोकून घ्यायला नसते. खूर कुठल्या बाजूने झिजलाय हे नालबंदाच्या हातात आधी कळतं.

देवमण आणि गोम हे विषयही इथे निघणारच. अंगावरचे केसांचे भोवरे शुभ की अशुभ यावर घोड्याची किंमत चढते नि उतरते. शुभाशुभावर माझा विश्वास नाही. पण टेंपल ग्रँडिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गुरांवर केलेल्या अभ्यासात कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर असलेली जनावरं जास्त बुजरी निघाली. केस आणि मेंदू हे दोन्ही गर्भातल्या एकाच थरापासून घडतात, तेव्हा त्यांच्यात नातं असण्यात अशक्य काही नाही. त्या भोवऱ्यावरून निकाल सांगता येतो, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

या भागाला घोडा बघायची नजर आहे, आणि तिची एक ओळख सगळ्या महाराष्ट्राला आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व येतात ते बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी भागातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनचा हा मान. अंकलीहून आळंदीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर हे अश्व पायी जातात. मग रिंगण. एक अश्व स्वाराचा, हाती जरीपटका घेतलेला. दुसरा माऊलींचा, त्याच्या पाठीवर कुणीही बसत नाही. लाखोंच्या गर्दीतून, टाळमृदंगाच्या कल्लोळातून, पाठीवर माणूस नसताना तो घोडा नेमक्या रिंगणात दौडतो. घोडा मुळात कळपाचा प्राणी. पुढे एक पळाला की त्याच्या मागे पळायचं हे त्याच्या रक्तात आहे, आणि बक्षिसाच्या शर्यतीतसुद्धा माणूस याच ओढीचा उपयोग करतो. रिंगणात पैज नाही, पहिला-दुसरा नाही. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. शर्यतीच्या मैदानात घोड्याचं शरीर वाचणारे डोळे आणि रिंगणाकडे पाहणारे डोळे या पट्ट्यात पुष्कळदा त्याच माणसांचे असतात.

एक घोडा एक बैल या गटाबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. एका जुवाखाली दोन वेगळ्या ढांगांची, वेगळ्या दमाची, वेगळ्या स्वभावाची जनावरं. गाडी जिंकते ती घोड्याच्या वेगाने नव्हे, बैलाच्या. आणि तो वेग बैलाला झेपतोय की घोडा त्याला फरफटवतोय हे काठावरून कळत नाही. अंदाज बांधायला हा गट सगळ्यात अवघड, म्हणून रंगतो. पण जनावराच्या जिवाचा विचार केला तर मी तो बंद झालेला पसंत करेन. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनीही २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्त्या केल्या, महाराष्ट्रात प्रत्यक्ष शर्यती सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. अटी कागदावर आहेत. चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांपासून जनावर वाचतंय की नाही ते मैदानावरच्या माणसांनीच बघायचं आहे.

निपाणीहून महामार्गाने उत्तरेला निघालं की तोच रस्ता पुण्याला पोहोचतो. तिथे लष्कर भागात १८३० पासून रेसकोर्स आहे. पावसाळ्यात पुण्याला घोडे धावतात, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीला. इथे घोडा इंग्लिश थरोब्रेड, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी पूर्वेकडून इंग्लंडला नेलेल्या तीन घोड्यांशी ज्याची पितृपरंपरा जोडलेली आहे असा. इथे दात बघायची गरज नाही. प्रत्येकाची वंशावळ छापलेली असते आणि प्रत्येकाचा वाढदिवस, जन्म कधीही झालेला असो, १ जानेवारीला धरतात. टपरीची जागा इथे रेसबुक घेतं. घोड्याचं नाव, आई-बाप, ट्रेनर, जॉकी, वजन, सुटायची जागा, मागच्या धावांचे निकाल आणि पहाटेच्या सरावाच्या वेळा: सहाशे मीटर अडतीस सेकंद, मोकळा धावला.

या पुस्तकातला सगळ्यात चमत्कारिक रकाना वजनाचा. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी. जॉकी हलका असेल तर खोगिराच्या खिशात शिशाचे पत्रे घालून वजन पुरं करायचं. ही व्यवस्था शास्त्रशुद्ध करणारा माणूस म्हणजे इंग्लंडच्या नौदलातले ॲडमिरल हेन्री रूस. १८५५ पासून ते तिथल्या शर्यतींचे अधिकृत हँडिकॅपर होते आणि वय, महिना नि पल्ला यांनुसार घोड्याने किती वजन वाहावं याचा त्यांनी घालून दिलेला तक्ता आजही, दुरुस्त्यांसह, जगभर आधाराला घेतात. हँडिकॅपरचं स्वप्न काय, तर सगळे घोडे एका ओळीत निकालाच्या खांबाशी यावेत. म्हणजे ज्याचं काम शर्यतीचा निकाल सांगता येऊ नये अशी तजवीज करणं, असा एक हुशार माणूस पगारावर बसलेला असतो. आणि अंदाज लिहिणारा त्याच्या हिशेबातली फट शोधत असतो. मला ही जुगलबंदी शर्यतीइतकीच थरारक वाटते.

फट कशी शोधतात ते एका कल्पित शर्यतीवर दाखवतो. पुणे, बाराशे मीटर, रात्रभर पाऊस पडून ट्रॅक मऊ झालेला. ट्रॅक किती मऊ हे ठराविक उंचीवरून वजन टाकून, कांडी जमिनीत किती सेंटिमीटर घुसते यावर मोजतात. चार घोडे धरू.

पहिला घोडा मागच्या खेपेला तीन लांबींनी जिंकला, त्यामुळे लोकांचा लाडका. एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर, वेळेत मोजलं तर सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा. दुसरा त्याच शर्यतीत दुसरा आला होता. आता पहिल्याच्या पाठीवर तीन किलो वाढले, दुसऱ्याचा एक किलो उतरला. दोघांत चार किलोंचा फरक पडला. बाराशे मीटरला किलो-सव्वा किलो म्हणजे एक लांबी असा ढोबळ हिशेब धरला, तर तीन लांबींचं अंतर कागदावर पुसलं गेलं आणि थोडं उलटंही झालं. तिसरा घोडा सोळाशे मीटरचा गडी. इथे पल्ला त्याला तोकडा, पण मऊ ट्रॅकवर बाराशे मीटरही दमछाक करतात आणि शेवटी तो जवळ येत राहील. चौथा नवा, पहिल्यांदाच धावणारा. पहाटेच्या वेळा झकास, पण गर्दीत माती तोंडावर उडाली की तो काय करेल हे कुणी पाहिलेलं नाही.

आता कोण पुढे पळणार ते बघायचं. पहिला नेहमी सुरुवातीपासून आघाडी घेतो. चौथ्याच्या सरावाच्या वेळा सांगतात की तोही सुसाट सुटणार. दोन घोडे पहिल्या चारशे मीटरमध्ये एकमेकांना जाळत गेले, तर फायदा मागून येणाऱ्याचा. माझी पसंती दुसऱ्याला, जागेसाठी तिसरा. पण हे सगळं पॅडॉकमध्ये घोडे फिरायला येईपर्यंतच खरं. दुसऱ्याच्या मांड्यांत फेस दिसला, किंवा चौथा एखाद्या शांत म्हाताऱ्यासारखा मान खाली घालून, लांब ढांगा टाकत चालला, तर मी कागद बाजूला ठेवेन.

पल्ल्याचं कोडं अलीकडे जनुकांपर्यंत पोहोचलं. डब्लिनच्या एमेलीन हिल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातल्या एकाच अक्षराच्या फरकावरून थरोब्रेडचा कल कळतो. आई आणि बाप दोघांकडून 'सी' आलेला घोडा छोट्या पल्ल्याचा, दोघांकडून 'टी' आलेला लांब पल्ल्याचा, एकेक आलेला मधला. पल्ला कोणता हे यातून कळतं. घोडा चांगला की वाईट हे कळत नाही.

आणि हे न कळणंच मोठ्या मोठ्यांना महाग पडलंय. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं, तेव्हाची विक्रमी किंमत. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षीची इंग्लिश डर्बी जिंकलेला. महाराजांनी शिंगराला आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. त्या सयाजीरावने १९४७ मध्ये आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकून कागदावरचा अंदाज खरा केला. पण १९८५ मध्ये अमेरिकेत १ कोटी ३१ लाख डॉलरला घेतलेला सिॲटल डान्सर दोनच शर्यती जिंकला, आणि २००६ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरला घेतलेला द ग्रीन मंकी एकही नाही. खरेदी करणाऱ्यांच्या हाताशी जगातले उत्तमोत्तम पारखी होते. तरीही.

मग एकट्या पारख्यापेक्षा गर्दी शहाणी असते का? १९०६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ इथल्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं कापल्यानंतरचं वजन किती भरेल यावर पैज लागली. फ्रान्सिस गॉल्टन यांनी ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने लावल्यावर मधोमध आलेला आकडा १,२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन १,१९८. रेसकोर्सवर सगळ्यांच्या पैजा एकत्र करून चालणारी यंत्रणा म्हणजे टोट; तिच्यावरचा भाव हा असाच हजारो डोळ्यांचा एकत्र आकडा असतो. जगभरात लोकांचा लाडका घोडा साधारण तीनातल्या एका शर्यतीत जिंकतो, आणि कुठल्याही एका टिपदाराला सातत्याने याच्या वर जाणं कठीण जातं. हाँगकाँगमध्ये विल्यम बेंटर यांनी गणिती प्रारूप बनवून शर्यतींवर अफाट पैसा मिळवला. १९९४ मध्ये त्यांनी आपली पद्धत छापली. त्यातली कळीची गोष्ट अशी की संगणकाचा अंदाज एकटा पुरा पडत नव्हता; त्यात लोकांनी ठरवलेला भाव मिसळला तेव्हा तो खरा धारदार झाला. म्हणजे आकड्यांत न मावणारं काहीतरी गर्दीच्या डोळ्यांना दिसत होतं. पॅडॉकच्या कठड्याला टेकून घोड्याची चाल बघणारा माणूस त्या भावात होता.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, तो याच पारखीच्या आधारावर. पण कौशल्य असलं तरी टोटची कपात आणि कर वजा जाता सामान्य माणसाच्या हाती शेवटी तोटाच येतो. हिशेब साधा आहे आणि त्याने घरं बुडालेली मी पाहिली आहेत. घोडा वाचायला तिकीट काढावं लागत नाही.

वाचायचाच असेल तर हरलेला घोडा वाचावा, असं मी नव्या माणसाला सांगतो. जिंकलेल्याची हकीकत सगळ्यांना पाठ असते, त्याच्या पाठीवर पुढच्या वेळी वजन चढतं, भाव पडतो. खरा मजकूर चौथ्या-पाचव्या नंबरात असतो. वळणावर आत कोंडला गेला आणि वाट मिळाली तेव्हा शंभरच मीटर उरले होते असा एखादा. मऊ मातीत रुतत आलेला, कोरड्या ट्रॅकची वाट बघणारा दुसरा. आघाडीच्या दोघांमागे जळून गेला तरी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मान खाली न टाकलेला तिसरा. घोडागाडीच्या मैदानातही तसंच. परतीच्या वळणाला दुसऱ्या गाडीने दाबल्यामुळे बाहेर फेकली गेलेली आणि तरी सरळ रस्त्याला तीन गाड्या मागे टाकलेली जोडी निशाणाच्या यादीत येत नाही. पण निकाल लागून लोक घरी निघतात तेव्हा चार-पाच माणसं त्या जोडीच्या गाडीपाशी रेंगाळतात. घोड्यांचा घाम पुसून होईपर्यंत थांबतात, पायावरून हात फिरवून गरम लागतंय का बघतात, चालवत नेताना मागचा खूर पुढच्या ठशाच्या किती पुढे पडतोय ते बघतात आणि पुढचं मैदान कुठल्या गावाला आहे ते विचारतात.